माणशी पाणी

करंबेळच्या नगरपालिकेत कॉम्प्युटर आला तो १९८७ सालच्या जानेवारीत, पुण्याच्या एका संस्थेच्या जीपमधून, वरंधा घाट उतरून. छोट्या गावांचा कारभार यंत्रावर आणता येतो का, हे पाहण्यासाठी सरकारने जी दोन-चार गावे निवडली होती, त्यांत करंबेळ होते. महाड आणि पोलादपूर यांच्यामध्ये, सावित्रीच्या काठी, मुंबई-गोवा रस्त्याला लागून असलेले हे गाव. बाजारपेठ एक, शाळा दोन, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओरड कायमची.

नगराध्यक्ष मुरारीशेठ यांनी नारळ फोडला. पाणी यंत्रावर उडू नये म्हणून संस्थेच्या इंजिनिअरने तो दाराबाहेर फोडायला लावला. मुरारीशेठ त्यावरून दोन दिवस नाराज होते.

यंत्र कुणाच्या ताब्यात द्यायचे, हा प्रश्न फार चालला नाही. इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा झालेली कार्यालयात एकच व्यक्ती होती, मंजुळा साळवी. वय पंचवीस, टंकलेखक म्हणून नोकरीला लागून तीन वर्षे झालेली. राहायला बौद्धवाडीत. तिला पुण्याला शिकायला पाठवले. ती परत आली, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीला पडदा लागला होता आणि दाराशी चपला काढायची सूचना लिहिली होती.

"बाईमाणसाचा हात लागून बिघडायचं नाय ना हे?" शिपायाने विचारले.

"माझा लागून नाही. तुझा लागला तर सांगता येत नाही," मंजुळा म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

पहिले काम कोणते, हे मुख्याधिकाऱ्यांनी ठरवले. ते तिशीतले, विदर्भाकडचे, त्यांची ही पहिलीच नेमणूक. ते म्हणाले, पाणी.

करंबेळला टेकडीवरच्या टाकीतून पाणी सुटत असे. गावाचे सात भाग, सात व्हॉल्व्ह, आणि ते फिरवणारा एक माणूस, भागोजी. कोणत्या भागाला किती वेळ पाणी, याचे वेळापत्रक पूर्वीही होते. पण टाकीखालच्या खोलीत टेलिफोनही होता. पेठेत कुणाकडे साखरपुडा असला की फोन येई आणि पेठेचा व्हॉल्व्ह अर्धा तास जास्त उघडा राही. नगरसेवकाच्या घरी पाहुणे आले की फोन येई. सातव्या व्हॉल्व्हवर बौद्धवाडी होती. तिच्यासाठी कुणी फोन करत नसे. टाकीत उरेल ते तिचे.

मुख्याधिकाऱ्यांनी ठरवलेला नियम एका ओळीचा होता: प्रत्येक माणसाला सारखे पाणी. ज्या भागात जितकी माणसे, तितका वेळ त्याचा व्हॉल्व्ह उघडा. माणसे मोजायची रेशनकार्डावरून, कारण मतदारयादीत मुले नसतात आणि जनगणना होऊन सहा वर्षे झाली होती. मंजुळाने फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने घरटी नावे यंत्रात भरली. एप्रिलच्या सुरुवातीला छपाईयंत्राने कडेला भोके असलेल्या रुंद कागदावर पहिले वेळापत्रक काढले. भागोजीने ते खळीने टाकीखालच्या खोलीत चिकटवले.

त्याच आठवड्यात पेठेतून फोन आला.

"भागोजी, अर्धा तास वाढव रे. आमच्याकडे वास्तुशांत आहे."

"कागदावर नाय, शेठ."

"कुठला कागद?"

"मशीनचा. इंग्रजीत हाय. मी काय करू?"

फोन ठेवल्यावर भागोजी हसत बाहेर आला आणि पंपावरच्या माणसाला म्हणाला, "आयला, बरा हाय हा कागद. आता शिव्या त्याला पडतील."

फोन हळूहळू थांबले. मुख्याधिकारी समाधानी होते. मंजुळाही होती. चार-पाच दिवसांपुरती.

कागदावर बौद्धवाडीच्या वाट्याला वीस मिनिटे आली होती. पूर्वी नेम नसायचा, पण उरलेसुरले म्हणून चाळीस मिनिटेही नळ चालत. आता वीस मिनिटे ठरलेली, आणि वीस झाली की भागोजी व्हॉल्व्ह फिरवायचा.

बौद्धवाडीच्या नळावर मंजुळाची आई काशीबाई हंडा घेऊन उभी होती. पुढे प्रयागबाई, मागे रखमा.

"काशे, तुजी लेक मशीनवर बसते म्हनं," प्रयागबाई म्हणाली.

"बसते."

"मंग सांग ना त्या मशीनला, आमी हितं उभ्या हाव म्हनून. त्याला दिसत नाय वाटतं."

"त्याला इंग्रजीच समजतं," रखमा मागून म्हणाली. "काशे, इंग्रजीतनं हाक मार त्याला."

बायका हसल्या. हसणे संपायच्या आत नळाला हवा लागली आणि धार तुटली. काशीबाईचा हंडा रिकामा होता. तिने तो उचलला आणि नदीची वाट धरली.

मंजुळाने दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्यावर सातव्या भागाचा आकडा काढला. माणसे दोनशे बारा. तिने स्वतःच भरलेला आकडा होता आणि कार्डांप्रमाणे तो बरोबर होता. वाडीत माणसे त्याच्या जवळजवळ दुप्पट होती, हे तिला भरतानाच कळायला हवे होते. पण भरताना तिने कार्डे पाहिली होती, घरे पाहिली नव्हती.

फरक कशाने पडला, हे वाडीत कुणालाही सांगता आले असते. दोन पिढ्या वाडीतले पुरुष मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला होते. परळच्या एका चाळीत वाडीची सामाईक खोली होती. भाडे सगळ्यांनी मिळून भरायचे आणि आळीपाळीने झोपायचे. एकजण कामावर गेला की त्याच्या अंथरुणावर दुसरा. मुंबईत रेशनचा तांदूळ मिळवायचा, तर गावच्या कार्डातून नाव कमी करावे लागे. ते सगळ्यांनी केले होते. पुढे काहींची बायकामुलेही गेली. मग ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि माणसे एकेक करून गावी परतली. नावे परतली नाहीत. पाच वर्षे ती त्या खोलीच्या पत्त्यावरच होती. खोलीत राहिलेले तिघेजण सगळ्यांच्या कार्डांवरचा तांदूळ आणि साखर उचलत आणि कुणी गावी निघाला की गोणीतून पाठवत.

मंजुळाचे वडील श्रीपत त्यांपैकीच. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, सत्तावीस वर्षे काढलेले. मंजुळाच्या घरच्या कार्डावर दोनच नावे होती, तिचे आणि आईचे.

ती मुख्याधिकाऱ्यांकडे गेली.

"साहेब, बौद्धवाडीचा आकडा बरोबर नाही."

"तुम्हीच भरलात ना?"

"कार्डावर आहे तो बरोबर भरला. पण माणसं दुप्पट आहेत." तिने सगळे सांगितले.

त्यांनी मधे न बोलता ऐकले. "मग खरी किती?"

"चारशेच्या वर."

"कुणी मोजली?"

"मी तिथे राहते, साहेब."

"पेठेचा नगरसेवकही पेठेत राहतो. तो उद्या येऊन सांगेल, आमच्याकडे पाचशे वाढवा. त्याला काय उत्तर देऊ?"

"घरोघर माणूस पाठवून मोजू या."

"पाठवा. त्या दिवशी करंबेळात जत्रा भरेल. प्रत्येकाचा साडू जेवायला आलेला असेल." मंजुळाला हसू आले. ते हसले नाहीत. "साळवीबाई, कुणाच्या सांगण्यावर पाणी सुटू नये म्हणून आपण हे केलं. आता तुमच्या सांगण्यावर सोडायचं? नावं इथे लावून आणा. ज्या दिवशी आणाल त्या दिवशी आकडा बदलतो."

संध्याकाळी कार्यालय रिकामे झाल्यावर मंजुळा यंत्रापुढे बसली. सातव्या भागाच्या आकड्यात पहिल्या दोनच्या जागी चार टाकले की काम होणार होते. कुणाला कळले नसते. यंत्र उघडून पाहणारे गावात दुसरे कुणी नव्हते. तिने चार टाकून पाहिलाही. सातव्या व्हॉल्व्हपुढे सदतीस मिनिटे आली. ती पडद्यावरच्या हिरव्या आकड्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. टाकीखालचा फोन बंद झाला होता, आणि आता तिनेच तो उचलल्यासारखे झाले असते. तिने दोन परत टाकला, यंत्र बंद केले आणि कापडी आच्छादन घातले.

महिनाअखेर नगरपालिकेची सभा झाली. वेळापत्रक वाचून दाखवायला मंजुळाला बोलावले होते. मुख्याधिकाऱ्यांनी तिथे एक दुसराच विषय काढला. पेठेतली कितीतरी घरे वर्षातून गणपतीपुरती उघडतात, पण त्या घरांच्या कार्डांवर सगळ्यांची नावे आहेत. राहत नाहीत त्यांची नावे कमी करावीत, म्हणजे पाणी इतरांना मिळेल.

मुरारीशेठ खुर्चीत पुढे सरकले. "माझे तिघेही मुलगे डोंबिवलीला असतात. म्हणून ते करंबेळचे नाहीत का? घरच्या कार्डातून पोराचं नाव काढायचं म्हणजे त्याला घराबाहेर काढायचं. हे कुठल्या कायद्यात बसतं?"

"शेठ, माणूस एका वेळी एकाच नळाखाली उभा राहतो," मुख्याधिकारी म्हणाले.

"नळाखाली तो कुठेही उभा राहू दे. त्याचं नाव कुठे राहावं, हे त्याच्या बापाला ठरवू द्या."

दोन-तीन नगरसेवकांनी बाके वाजवली. विषय पुढच्या सभेवर गेला. मंजुळाने टिपण घेतले आणि घरी आली.

घरी श्रीपत ओटीवर बसला होता. तिने त्याला सरळच विचारले. नावे मुंबईतून काढून गावी लावायची. त्याने लावले, तर बाकीचे लावतील. संपाच्या दिवसांत वाडीतली माणसे त्याच्या शब्दावर होती आणि अजूनही होती.

"नाय," श्रीपत म्हणाला.

"का नाही, आबा?"

"मिल चालू होनार हाय."

"कोण म्हणतं?"

"सगली बोलतात. केस चालू हाय. एक दिवस नोटीस लागंल गेटवर. तेव्हा कार्ड बगतील. मुंबईचा पत्ता नाय तर बोलतील, जा गावाला, भात लाव."

"पण तोवर पाणी?"

"पानी काय, नदी हाय."

"नदीवर तुमी जाता काय?" काशीबाई आतून म्हणाली.

श्रीपत मंजुळाकडे वळला. "बग मंजे. माजं नाव तितं हाय, तवर मी कामगार हाय. हितं नाव लावलं की मी बेकार. मुंबईचा कार्ड हाय तो. फालतू वस्तू नाय."

दुपारी मुरारीशेठ जे म्हणाले होते, ते आणि हे यांत मंजुळाला फारसा फरक दिसेना. फक्त नळ कुणाचे चालतात आणि कुणाचे बंद होतात, एवढाच.

रात्रीच्या जेवणाला काशीबाईने दोन ताटे मांडली.

"आनि माजं?" श्रीपतने विचारले.

"कार्डावर दोगीच हाव. दोगीपुरतं पानी मिलालं, त्यात दोगीपुरता भात शिजला. तुमचा भात मुंबैला शिजत असंल."

"मस्करी करतेस?"

"मशीनला इचारा. तुमची लेकच बसते त्याच्यावर."

श्रीपत हसला. उठून शेजारी भावाच्या घरी जाऊन जेवला. दुसऱ्या दिवशीही दोनच ताटे होती. त्या दिवशी तो हसला नाही आणि भावाकडेही गेला नाही. तोवर गोष्ट वाडीभर झाली होती. नळावर रखमाने काशीबाईला विचारले, "काय गो, तुझ्या घरातला संप मिटला काय?"

"मालक आइकत नाय," काशीबाई म्हणाली.

श्रीपत हायवेवर चहाच्या टपरीला जाऊन बसू लागला. कशेडीचा घाट चढायच्या आधी ट्रकवाले तिथे थांबत. त्यांच्याकडून मुंबईची काही बातमी मिळते का, हे तो पाही. ते मुंबईहून येत असले, तरी गिरण्यांबद्दल त्यांना काही ठाऊक नसे.

मेच्या पहिल्या आठवड्यात सावित्रीचे पात्र सुकले. वाडीतल्या बायका वाळूत खड्डे काढून झिरपा जमेल तसा करवंटीने हंड्यात भरत. श्रीपत टपरीवरून परतताना एकदा नदीच्या वाटेने आला. काशीबाई खड्ड्याशी बसली होती. तिचा हंडा पावही भरला नव्हता. तो तिच्यासमोर वाळूत बसला.

"किती येल लागतो?"

"लागतो." तिने करवंटी आत घातली. तळाला गढूळ पाणी होते, ते निवळायची ती वाट पाहत होती.

"मी लावतो नाव हितं," तो म्हणाला. "मंग मला लोक काय बोलतील, म्हायती हाय? श्रीपत हरला."

"कोन बोलनार? हरलेलीच सगली बसलीत वाडीत. तुमचं नाव हाय म्हनून त्यांचं हाय. तुमी कवा उठता, त्याची वाट बगतात."

"पाच वर्सं मी त्यांना सांगितलं, थांबा."

"थांबली ती. आता पान्याला थांबवू नका."

त्याने वाळूत बोटाने रेघ ओढली आणि पुसली.

काशीबाई म्हणाली, "मिल चालू झाली तर जा. मी आडवी येनार नाय. तुमची वलकटी मी बांधून देईन. पन तवर हितले ऱ्हा. पाच वर्सं घरात हाव, आनि घरात नाय. मला समजत नाय तुमाला कुठं मोजू."

पाणी निवळले. तिने करवंटी भरली. श्रीपतने तिच्या हातून ती घेतली आणि हंडा भरेपर्यंत तिथेच बसला.

रविवारी विहारात वाडी जमली. श्रीपतने उभे राहून थोडक्यात सांगितले. खोलीत जे तिघे आहेत, त्यांची कार्डे तिथेच राहतील, म्हणजे खोली आपलीच राहील. बाकीच्यांनी नावे गावी आणायची. तो स्वतः आणणार आहे.

"म्हंजे मिल चालू होनार नाय, असं तू बोलतोस," महिपत म्हणाला. तो श्रीपतच्याच खात्यात होता, वयाने धाकटा.

"मी तसं बोललो नाय."

"मंग काय बोललास?"

"मी बोललो, मी हितं ऱ्हातो."

महिपत उठला. "माजं कार्ड कुनाला मिलनार नाय. पान्यासाठी मी मुंबई सोडनार नाय." तो बाहेर गेला. त्याच्यामागे आणखी चार-सहाजण गेले. श्रीपतने कुणाला थांबवले नाही. उरलेल्यांनी मुंबईतले नाव कमी करून गावी लावण्याच्या अर्जांवर सह्या केल्या. ज्यांना येत नव्हत्या, त्यांनी अंगठे उठवले.

श्रीपत महाडहून रात्रीच्या एसटीने मुंबईला गेला. आठवड्याने परत आला, तेव्हा पिशवीत नावे कमी केल्याचे दाखले होते. तिथल्या कारकुनाने त्याला विचारले होते, इतकी नावे एकदम का, कुणी वारले की काय. परत यायचे झाले तर नवीन कार्डाला वर्ष जाईल, हेही सांगितले होते.

"मिलच्या गेटवर गेला होतात?" मंजुळाने विचारले.

"नाय गेलो."

महाडच्या कचेरीतून नवी कार्डे निघायला जून उजाडला. कार्डे मिळाली त्या दिवशी श्रीपत ती घेऊन थेट नगरपालिकेत आला. त्या इमारतीत तो पहिल्यांदाच येत होता. पडद्याबाहेर त्याने वहाणा काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. शिपायाने स्टूल दिले. तो बसला नाही.

मंजुळाने एकेक कार्ड यंत्रात चढवायला घेतले. घर नंबर, नाव, वय. श्रीपत तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होता. अक्षरे इंग्रजी होती. त्याला इंग्रजी आकडे वाचता येत, अक्षरे नाही. नाव कोणाचे चालले आहे, ते तो तिला विचारी आणि ती सांगे. भावाचे घर झाले. रखमाच्या नवऱ्याचे झाले. शेवटी तिने स्वतःच्या घराचे कार्ड घेतले. दोन नावे आधीच होती. तिसरे भरले. वय एक्कावन्न.

मग यंत्र थांबले. व्यवसायाचा रकाना होता. पाण्याच्या हिशेबाला त्याचा उपयोग नव्हता; इंजिनिअरने पुढे कधीतरी लागेल म्हणून तो ठेवला होता. पण भरल्याशिवाय यंत्र पुढे जात नसे. आतापर्यंत तिने परतलेल्या सगळ्यांपुढे कार्डावर कचेरीने लिहिले होते तेच भरले होते, मजुरी. वडिलांच्या कार्डावर कचेरीने ती जागा कोरी सोडली होती.

"का थांबलीस?" श्रीपतने विचारले.

"व्यवसाय विचारतंय."

"काय काय हाय त्याच्यात?"

"शेती, नोकरी, व्यापार, मजुरी. आणि काही नाही."

"काय नाय, असं बी हाय?"

"आहे."

पंख्याने कार्डे उडू नयेत म्हणून मंजुळाने त्यांवर हात ठेवला होता.

"आबा, मिलनं तुम्हाला कामावरून काढल्याचा कागद दिलाय?"

"नाय. कुनालाच नाय दिला."

"राजीनामा दिलात?"

"मी कशाला देऊ?"

"मग नोकरी," मंजुळा म्हणाली आणि कळ दाबली.

"कुठं ते इचारतं?"

"नाही विचारत."

श्रीपतने मान हलवली आणि स्टुलावर बसला.

आकडे पुन्हा मांडायला यंत्राने थोडा वेळ घेतला. मग छपाईयंत्र खरखर करत चालू झाले. सातव्या भागात आता तीनशे सत्त्याऐंशी माणसे होती. महिपत आणि त्याच्याबरोबर उठून गेलेल्यांची घरे त्यांत नव्हती. बाकी सहाही व्हॉल्व्हची काही मिनिटे कमी झाली होती आणि पेठेतली बंद घरे अजून मोजणीत होती, कारण तो विषय पुढच्या सभेवर होता. सातव्या व्हॉल्व्हपुढे पस्तीस मिनिटे छापून आली. मुख्याधिकाऱ्यांनी येऊन कागद पाहिला, सही केली आणि म्हणाले, "आजच लावा. फोन आला तर मला जोडून द्यायला सांगा."

ते गेल्यावर श्रीपतने कागद हातात घेतला. आकडे त्याला वाचता येत होते. सातवी ओळ त्याने बोट ठेवून पाहिली.

"ह्यात माजं किती?"

मंजुळाने कागदाच्या कडेला पेन्सिलने भागाकार केला. "पाच सेकंद. थोडे वरच."

"तेवड्यात तांब्या भरतो," श्रीपत म्हणाला. "दे, भागोजीला मीच नेऊन देतो."

त्याने कागद गुंडाळला, दाराबाहेर जाऊन वहाणा पायात घातल्या आणि टाकीच्या टेकडीकडे निघाला.